ज्याचं विमान आधी, त्याचं मूल?

प्रति,
माननीय मंत्री,
महिला व बालविकास मंत्रालय, भारत सरकार,
नवी दिल्ली

विषय : बिंदल समितीच्या २०१८ च्या अहवालावर निर्णय घेण्याबाबत

महोदया,

आमच्या ऊर्जानगरात बिबट्या शिरला तर कोणाला फोन लावायचा, हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. परदेशातल्या कोर्टाचं समन्स घरात शिरलं तर कोणाला विचारायचं, हे मात्र भल्याभल्यांना ठाऊक नाही. म्हणून हे पत्र.

ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची वसाहत. आज २९२० मेगावॅटची क्षमता असलेल्या या केंद्राने राज्याला वीज दिली आणि वसाहतीतल्या घरांना पगार दिला. त्या पगारावर शिकलेली मुलं इंजिनिअर होऊन पुण्याला, हैदराबादला आणि तिथून न्यू जर्सी, टेक्सास, डब्लिनला गेली. आईवडील निवृत्त झाले, क्वार्टर सोडून तुकुम-दुर्गापूरकडे घर बांधून राहिले. मी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. एकेकाळी माझ्याकडे पोटगीचे आणि वाटणीचे दावे यायचे. आता त्यांच्या जोडीला टेक्सासचे कागद येतात.

कोळसा हाताळणी विभागातून निवृत्त झालेले एक गृहस्थ असेच आले होते. मुलगी नातवाला घेऊन दिवाळीला आली ती परत गेली नव्हती. जावयाच्या वकिलाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली घटस्फोटाच्या समन्सची पीडीएफ त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती आणि उत्तर देण्याच्या तारखेखाली लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. त्यांचा प्रश्न साधा होता : मुलीने तिकडे हजर व्हायचं की नाही?

याचं उत्तर एका वाक्यात देता आलं असतं तर मी आपला वेळ घेतला नसता. ‘नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी’ या १९९१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशी कोर्टाचा घटस्फोट आपण मानायचा तो साधारणपणे आपल्या विवाह कायद्यात बसणाऱ्या अधिकाराने आणि कारणाने दिलेला असेल तरच. ‘आमचं आता जमत नाही’ एवढ्या कारणावर अमेरिकेतल्या कोर्टात घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात एकट्या जोडीदाराला तेवढ्यावर तो मागता येत नाही. मग समन्सकडे काणाडोळा करावा? तसं केलं तर तिकडे एकतर्फी हुकूम होतो. तो इथे चालणार नाही, पण तिथे चालतो. जावई टेक्सासमध्ये अविवाहित आणि चंद्रपुरात विवाहित. हजर राहून लढावं, तर ‘त्या कोर्टाचा अधिकार तुम्हीच मान्य केलात’ असं उद्या इथे ऐकवलं जाऊ शकतं. शिवाय हे कागद व्हॉट्सॲपवर यायलाच नकोत. समन्स बजावणीच्या हेग करारात आपण २००७ पासून आहोत आणि टपालाने परस्पर बजावणी करायला आपण हरकत नोंदवली आहे. कागद विधी मंत्रालयामार्फत आला पाहिजे. पण तिकडचा न्यायाधीश फोनवरची बजावणी ग्राह्य धरणार नाही, अशी हमी मी कशी देणार?

सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे गेलं तरी पंचाईत, नाही गेलं तरी पंचाईत. मग काहून धाडतेत कागद?”

घटस्फोट तरी मोठ्या माणसांचा असतो. दहा वर्षं रखडला तरी माणसं कशीबशी निभावून नेतात. लग्न चंद्रपूरच्या लॉनवर लागलं असेल तर इथल्या कोर्टाला अधिकार आहे, तेवढा आधार कायद्यात आहे. खरा पेच नातवाचा असतो. तो जन्माने अमेरिकन. सोळा वर्षांखालच्या मुलाचा अमेरिकी पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि नव्या पासपोर्टसाठी सहसा आई आणि बाप दोघांची संमती लागते. म्हणजे आई इथे, बाप तिथे, दोघांत बोलणं बंद, आणि पोराचा निळा पासपोर्ट संपायला आलेला. पासपोर्ट संपला की भारतात राहण्याच्या कागदांचीही ओढाताण सुरू होते. मग बाप नागपूर खंडपीठात हेबिअस कॉर्पसची याचिका करतो आणि पोलीस आजोबांच्या दारात चौकशीला उभे राहतात. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात ठाण्याची पायरी चढली नाही, त्याला शेजाऱ्यांदेखत विचारलं जातं, मूल कुठे आहे?

असे खटले काही आजचे नाहीत. महाराष्ट्रातलाच दिनशॉ खटला घ्या. मिशिगनच्या कोर्टाने मुलाचा ताबा अमेरिकन आईला आणि शनिवार-रविवारच्या भेटीचा हक्क भारतीय बापाला दिला होता. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका भेटीच्या वेळी बाप मुलाला घेऊन थेट विमानात बसला आणि पुण्याला आईवडिलांकडे आला. आई सर्वोच्च न्यायालयात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन केलं. दहा महिने. आजच्या मानाने हा वेग वाखाणण्यासारखा म्हणावा लागेल, आणि हे म्हणताना वकील म्हणून मला संकोच वाटतो.

त्यानंतर निकालांचा लंबक हलत राहिला. २००० मध्ये सरिता शर्मा खटल्यात मुलं भारतात आईकडेच राहिली. २००९ मध्ये रविचंद्रन खटल्यात मूल अमेरिकेला पाठवलं गेलं. २०१५ च्या सूर्य वदनन निकालात परदेशी कोर्टाच्या हुकमाला मोठं वजन मिळालं. २०१७ मध्ये नित्या राघवन खटल्यात तीन न्यायमूर्तींनी ते काढून घेतलं आणि परदेशी हुकूम हा अनेक बाबींपैकी फक्त एक, असं ठरवलं. २०२० मध्ये यशिता साहू खटल्यात मूल पुन्हा अमेरिकेकडे. प्रत्येक निकालात ‘बालकाचं हित’ हेच सर्वोच्च मानलेलं आहे आणि प्रत्येक निकाल त्या त्या मुलाच्या परिस्थितीत बरोबरही असेल. पण वकिलाच्या टेबलासमोर बसलेल्या आईला मी काय सांगू? नाणं वर उडालंय, थांबा?

न्यायमूर्तींना मी दोष देत नाही. मूल इथे रुळलं का, हे ते पाहतात आणि ते पाहायलाच हवं. पण रुळायला वेळ लागतो आणि वेळ कोर्टातच जातो. म्हणून एका बाजूचा वकील तारीख लवकर मागतो आणि दुसऱ्या बाजूचा पुढची. मुलाला इथल्या शाळेत घाला, मराठी शिकवा, वर्ष काढा, हा सल्ला कोणी लेखी देत नाही. तोंडी सगळे देतात. मुलाचं हित ठरतं ते जो आधी विमानात बसला आणि ज्याने जास्त तारखा घेतल्या त्याच्या सोयीने.

एका पालकाने परस्पर दुसऱ्या देशात नेलेलं मूल परत पाठवायला लावणाऱ्या, बालक-अपहरणाच्या १९८० च्या हेग करारात शंभराहून अधिक देश आहेत, भारत नाही. २००९ मध्ये विधी आयोगाने २१८ व्या अहवालात त्यात सामील व्हा म्हणून सांगितलं, २०१६ मध्ये २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला. तेव्हा महिला संघटनांनी विरोध केला. तो विरोध मला चुकीचा वाटत नाही. हेग करारातल्या प्रकरणांचं जागतिक सर्वेक्षण सांगतं, की मूल नेणाऱ्यांत सुमारे तीन चतुर्थांश आया असतात. परक्या देशात नवऱ्याचा मार खाणाऱ्या, व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या बाईला माहेरच्या विमानाशिवाय दुसरं दार कुठलं? तिने आणलेलं मूल न विचारता परत पाठवणं म्हणजे तिलाही परत पाठवणं. पण दार असंच उघडं ठेवलं तर त्यातून दिनशॉ खटल्यातल्यासारखा बापही येतो, हे आपण विसरतो.

मधली वाट इतर देशांनी शोधली आहे. जपान २०१४ मध्ये करारात आला तेव्हा कौटुंबिक हिंसेचा विचार त्याने आपल्या कायद्यातच घातला. ऑस्ट्रेलियानेही २०२२ मध्ये त्याच कारणाने आपले नियम बदलले.

आणि मधली वाट आपल्याकडेही लिहिलेली आहे, महोदया, आपल्याच मंत्रालयात. २०१७ मध्ये न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये तिने अहवाल दिला. आंधळेपणाने हेगवर सही करा, असं त्यात नाही. अशा वादांसाठी वेगळं प्राधिकरण असावं आणि आईने हिंसेमुळे मूल आणलं असेल तर परत पाठवायला नकार देता यावा, अशी तरतूद त्यात आहे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८७ व्या अहवालात अनिवासी भारतीयांच्या विवाहांसाठी सर्वंकष कायदा सुचवला. मात्र घटस्फोट विधी मंत्रालयाकडे, परदेशात टाकून दिलेल्या बायका परराष्ट्र मंत्रालयाकडे आणि मुलं आपल्याकडे अशी वाटणी झाली आहे. एका घरातली तीन माणसं तीन इमारतींत.

बिंदल समितीचा मसुदा सुधारून संसदेत आणा, ही माझी मुख्य मागणी. त्यात दोन गोष्टी घाला. हेग करारात सहा आठवड्यांत निर्णयाची अपेक्षा आहे. आपल्याला सहा महिने लागले तरी चालतील, पण मुदत कायद्यात लिहा आणि ती उलटली तर उशिराचं कारण लेखी द्यायला लावा. दुसरी गोष्ट भेटीची. यशिता साहू खटल्यात न्यायालयाने म्हटलं, की पालक वेगवेगळ्या देशांत असतील तर मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलण्याची सोय असावी. ही सोय हुकमाची वाट न पाहता पहिल्या दिवसापासून लागू करा. बाप वाईट नवरा असेल. तो वाईट बाप असेलच असं नाही. हेच आईलाही लागू.

प्राधिकरण दिल्लीत बसवाल तर ऊर्जानगरच्या आजोबांना ते टेक्सासइतकंच दूर. नागपूर इथून दीडशे किलोमीटर आहे. तिथे त्याची बैठक भरू द्या आणि परदेशातल्या पक्षकाराला व्हिडिओवर हजर राहू द्या. पासपोर्टच्या बाबतीत वाद निकाली निघेपर्यंत एकाच पालकाच्या सहीवर मुलाचे भारतातले राहण्याचे कागद चालू ठेवता येतील, एवढं परिपत्रक तर विधेयकाशिवायही निघू शकतं. गृह मंत्रालयाशी एक बैठक पुरेशी आहे.

मसुदा हरकतींसाठी काढाल तेव्हा मराठीतही काढा. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ज्या वकिलांकडे असे कागद येऊन पडले आहेत, ते आम्ही आपल्या खर्चाने नागपूरला सुनावणीला येऊ. तारीख तेवढी पंधरा दिवस आधी कळवा.

आपली,
ऊर्जानगर, चंद्रपूर येथील एक वकील