न्हाणीघराची फरशी कोणी निवडावी?

घरात लग्नकार्य ठरले किंवा दिवाळी जवळ आली की जुने न्हाणीघर नव्याने करून घेण्याचा विषय निघतो. दुकानात नमुने पाहिले जातात, मुली-सुना रंग सुचवितात, कर्ते पुरुष चौरस फुटाचा भाव काढतात आणि निर्णय होतो. या साऱ्या विचारविनिमयात, ज्यांचे पाऊल त्या फरशीवर सर्वांत अस्थिर पडणार असते त्या सत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना बहुधा कोणी विचारीत नाही. वास्तविक पहिला अधिकार त्यांचा आहे.

चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, वडसा येथील जुन्या घरांत मोरीला शहाबादी फरशी असे. पुढे कोटा आला. दोन्ही चुनखडीचेच दगड. घासून गुळगुळीत न केलेल्या त्या फरशीवर ओला पायही टिकून राही. आता बाजारात मोरबीच्या टाइल्स आहेत. त्यांत वाईट काही नाही. पण बैठकीच्या खोलीत शोभणारी चकाकी न्हाणीघरात घातक ठरते. साबण, तेल आणि पाणी यांचा पातळ थर चकचकीत पृष्ठभागावर पसरला की पावलाला पकड मिळत नाही.

येथे थोडा हिशेब मांडावा. 8 फूट लांब व 5 फूट रुंद न्हाणीघराची जमीन 40 चौरस फूट. तुटफूट व कापणीसाठी 10 टक्के धरले तर 44 चौरस फूट माल लागतो. समजा, चकचकीत टाइलचा भाव 45 रुपये आणि पकड असलेल्या टाइलचा 70 रुपये आहे. फरक 25 रुपयांचा, म्हणजे एकूण 1,100 रुपयांचा. याच खोलीच्या भिंतींना 7 फूट उंचीपर्यंत टाइल लावायची तर दरवाजा वगळून सुमारे 165 चौरस फूट माल लागतो. तेथे नक्षीची टाइल सोडून साधी घेतली आणि चौरस फुटामागे 10 रुपये वाचले, तरी 1,650 रुपये हाती राहतात. काटकसर करावयाची तर ती भिंतीवर करावी, पायाखाली नव्हे. खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचा खर्च, नागपूरच्या फेऱ्या आणि दुकान सोडून रुग्णालयात बसलेला मुलगा, यांच्यापुढे 1,100 रुपये काहीच नव्हेत. शिवाय त्या वयात गेलेले चालणे पैसे मोजूनही पूर्वीसारखे परत येईलच असे नाही.

दुकानात रंगाआधी खोक्यावरील व कंपनीच्या पत्रकातील माहिती वाचावी. विट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. भिंतीसाठीच्या साध्या टाइलमध्ये हे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असते. म्हणून भिंतीची टाइल स्वस्त मिळाली तरी जमिनीवर लावू नये. घसरण रोखण्याच्या क्षमतेसाठी आर-9 ते आर-13 अशी श्रेणी दिलेली असते; आकडा जितका मोठा तितकी पकड अधिक. मात्र ही चाचणी बूट घालून तेलकट उतारावर केली जाते. अनवाणी, ओल्या पावलांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी आहे व तीत सी सर्वांत सुरक्षित. घरच्या न्हाणीघरास आर-10 किंवा आर-11 आणि अनवाणी श्रेणीत बी असेल तर उत्तम. केवळ ‘मॅट’ या शब्दावर विसंबू नये. चमक नसणे म्हणजे पकड असणे नव्हे. नमुन्यावर साबणाचे पाणी ओतून चप्पल काढून पाय फिरवून पाहावा. चांगला दुकानदार याला हरकत घेणार नाही.

टाइलचा आकारही महत्त्वाचा. एक फूट किंवा त्याहून लहान टाइल जाळीकडील उताराशी सहज जुळते आणि तिचे अधिक सांधे पावलाला आधार देतात. मोठी टाइल उतारात बसवताना कडा वर राहतात व ठेच लागते.

रंग निवडताना आपल्या भागातील पाण्याचा विचार हवा. राजुरा-कोरपना भागात चुनखडीचे थर आहेत, म्हणूनच तेथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. त्या थरांतील विहिरी-बोअरचे पाणी जड असते. काळ्या, गडद फरशीवर त्याचे पांढरे डाग लगेच उठतात. पाण्यात लोह असेल तर अगदी पांढऱ्या फरशीवर तांबूस छटा चढते. फिकट करडा किंवा बदामी रंग दोन्ही सांभाळून घेतो. शिवाय जयणा पाळणाऱ्या घरात, गरम पाणी ओतण्यापूर्वी मुंगी वा बारीक जीव दिसावा, यासाठीही फिकट रंगच सोयीचा. डाग काढण्यासाठी ॲसिड वापरू नये. ते सांध्यांतील सिमेंट खाते आणि शहाबादी-कोट्याचा पृष्ठभाग झिजवते. रोज अंघोळीनंतर पाणी ओढून फरशी कोरडी ठेवणे हाच खरा उपाय.

आता टाइलच्या खालचे काम. आपल्याकडे अनेक घरांत खाली दुकान आणि वर राहणे असते. वरच्या न्हाणीघरातून मुरलेले पाणी खाली कापडाच्या गाठींवर किंवा धान्याच्या पोत्यांवर उतरते. म्हणून जुनी फरशी काढल्यावर जलरोधक थर देऊन, जाळी बंद करून 24 ते 48 तास पाणी साठवून ठेवावे व खालचे छत तपासावे. ओल दिसली नाही तरच पुढचे काम. जाळीकडे 8 फुटांत साधारण 1 इंच उतार असावा. विट्रिफाइड टाइल नुसत्या सिमेंटच्या घोळावर नीट धरत नाही. तिला टाइल चिकटवण्याचे खास मिश्रणच लागते. पारा 45 अंशांपुढे नेणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात टाइल प्रसरण पावते, म्हणून 2 ते 3 मिलिमीटरचे सांधे सोडावेत. भिंत उघडी आहे तोवरच आधाराचा दांडा पक्का बसवून घ्यावा.

खरेदी करताना सर्व खोक्यांवरील बॅच व छटेचा क्रमांक एकच असल्याची खात्री करावी आणि एक खोके जादा ठेवावे. सिरोंच्यासारख्या ठिकाणाहून एका फुटक्या टाइलसाठी दूरच्या शहराची फेरी करणे परवडत नाही, आणि दोन वर्षांनी तीच छटा मिळेलच असे नाही. पक्के बिल घ्यावे, पण ते घरच्या नावाने. घरगुती वापराच्या मालाचे बिल पेढीच्या नावे करून जीएसटीची वजावट घेणे 2017 च्या कायद्यात बसत नाही. वाचलेल्या रकमेहून नोटीस महाग पडते.

हे सारे पाहून झाल्यावर दोन-तीन योग्य नमुने घरी आणावेत, ओले करून मोरीत ठेवावेत आणि घरातील सर्वांत वडील व्यक्तीला हात धरून त्यांवर उभे करावे. ज्या नमुन्यावर तिचे पाऊल निर्धास्त टेकेल, तो घ्यावा. रंगाची आवड-निवड त्यानंतर.