आधी गळती थांबवा, मग शेगडी पेटवा



माझा भाचा कॅनडात विनिपेगला असतो. तेथे जानेवारीत पारा शून्याखाली पंधरा-वीस अंश उतरणे ही नित्याची गोष्ट. घराला लागून मोटारीचे गॅरेज आहे, आणि सुट्टीच्या दिवशी तो तेथे तास-दोन तास सुतारकाम करतो. मागे एका हिवाळ्यात त्याने फोनवर विचारले, "मामा, तुम्ही फिजिक्स शिकवता. गॅरेजसाठी हीटर कोणता घेऊ? विजेचा, गॅसचा, की हीट पंप?" मी म्हटले, "ते नंतर. उष्णता जाते कोठून, ते आधी सांग."

चला, हिशेबच करू. गॅरेज ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद व २.५ मीटर उंच धरा. आत ९० घनमीटर, म्हणजे सुमारे ११० किलो हवा मावते. बाहेर उणे १५ अंश सेल्सिअस आहे आणि आत १० अंश हवे आहेत. ही हवा २५ अंशांनी तापवायला फक्त पाऊण युनिट वीज पुरते! पण भिंती व छत मिळून ९६ चौरस मीटर होतात. साध्या फळ्यांच्या भिंतीतून, एका अंशाच्या फरकाला, दर चौरस मीटरमागे अडीच वॅट उष्णता जाते असे समजा. म्हणजे ६००० वॅट. तासाला सहा युनिटे निसटली. आता भिंतींत व छतात काचतंतूंचा जाड थर भरा. अडीचचा आकडा ०.४ वर येतो आणि गळती तासाला एका युनिटाच्या आत येते. मात्र दाराच्या फटींतून तासात एकदा सगळी हवा बदलली, तर ते पाऊण युनिट दर तासाला पुन्हा मोजावे लागते.

गळती थांबली की हीटरची निवड सोपी होते. विजेचा साधा हीटर, महाग असो वा स्वस्त, एका युनिटाची एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो, म्हणून एका युनिटात दोन-तीन युनिटांचे काम होते. पण थंडी जितकी कडक, तितकी ही मिळकत कमी. दिवसभर ऊब हवी असेल तर तो घ्यावा. दोन तासांच्या कामाला मात्र डोक्यावर टांगलेला प्रारण हीटर बरा. तो हवेपेक्षा माणसाला तापवतो. शेकोटीपुढे तोंड भाजते आणि पाठ गारठते, तोच हा प्रकार. विनिपेगचे लोक रात्री मोटारीच्या इंजिनालाच लहानसा विजेचा हीटर जोडतात. जे तापवायचे तेवढेच तापवावे.

एका बाबतीत मी हट्टी आहे. बंद गॅरेजमध्ये धुराडे नसलेली ज्योत नकोच, आणि फटी बुजवल्यावर तर मुळीच नको. एक किलो प्रोपेन जळून सुमारे १.६ किलो पाण्याची वाफ होते. ती थंड हत्यारांवर बसून गंज चढवते. हे नुकसान किरकोळ. पण हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. आपल्याकडेही दारे-खिडक्या लावून, कोळशाची शेगडी जवळ ठेवून झोपलेली माणसे अशीच दगावतात. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि खाली ठेवलेली ज्योत तिला सापडते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वहन, अभिसरण व प्रारण यांच्या व्याख्या मुले दोन-दोन गुणांसाठी पाठ करतात. त्याऐवजी त्यांच्या हाती टेप द्या आणि वर्गाच्या भिंती व छत मोजायला लावा. आपल्याकडे बर्फ नाही हे खरे. पण एप्रिलमध्ये विदर्भात पत्र्याखालच्या वर्गात बसणाऱ्याला हेच गणित लागू आहे. फक्त उष्णतेच्या बाणाची दिशा उलटी.

भाच्याने त्या हिवाळ्यात हीटर घेतलाच नाही. आधी भिंती भरल्या. पुढच्या वर्षी घेतला, तो दुकानदाराने सुचवलेल्यापेक्षा निम्म्या ताकदीचा, आणि तो पुरला.