‘फक्त वेगळं ठेवलंय’, पण किती दिवस?

तुरुंगातल्या बायकांबरोबर काम करताना एक वाक्य मी वारंवार ऐकते: “शिक्षा नाही केली ताई, फक्त वेगळं ठेवलंय.” भांडते म्हणून वेगळं, रात्रभर रडते म्हणून वेगळं, आरोप मूल मारल्याचा आहे, बाकीच्या बायका मारतील म्हणून वेगळं. कारण दर वेळी पटण्यासारखं असतं. ‘किती दिवस?’ याला मात्र उत्तर नसतं.

कायदा ज्याला उघडपणे शिक्षा म्हणतो, त्या एकांतवासाला मुदत आहे. विधी आयोगाने १९७१ मध्येच तो रद्द करा म्हटलं होतं. तरी २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने तो कलम ११ आणि १२ मध्ये राखलाच. पण तिथेही हुकूम न्यायालयाचा लागतो, सक्तमजुरीची शिक्षा झालेली असावी लागते. एका वेळी १४ दिवस आणि एकूण तीन महिने, याच्या पुढे जाता येत नाही. ‘सुरक्षेसाठी’ वेगळं ठेवलेल्या बाईला ही कलमं लागूच होत नाहीत. गुन्हा शाबीत झालेलीचे दिवस मोजायचे आणि कच्च्या कैदेतलीचे मोजायचेच नाहीत, हा कुठला न्याय?

नाव बदललं म्हणून कोठडी बदलत नाही. फाशीच्या कैद्याला इतरांपासून अलग ठेवण्याच्या कलमाआडून एकांतवास लादता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुनील बात्रा खटल्यात बजावलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी तर तासच मोजले: माणसांशी खऱ्या संपर्काविना दिवसाचे २२ किंवा अधिक तास म्हणजे एकांतवास, आणि सलग १५ दिवसांपलीकडे त्याला मनाई. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि तान्ह्या मुलांच्या आयांना अशी शिक्षा देऊच नये, असं २०१० चे बँकॉक नियम सांगतात.

“उद्या मारहाण झाली तर जबाबदार कोण?” अधिकारी विचारतात. प्रश्न खरा आहे. पण मारणाऱ्यांपासून दूर ठेवणं वेगळं आणि माणसांपासूनच तोडणं वेगळं. तिची भेट, काम, अंगणातली वेळ का बंद व्हावी?

मैत्रिणींनो, तुरुंगभेटीला जाल तेव्हा चार गोष्टी मागा: लेखी हुकूम, त्यावरची तारीख, फेरविचाराचा दिवस आणि डॉक्टरच्या रोजच्या भेटीची नोंद. चोवीस तासांहून जास्त कोठडीत असलेल्या कैद्याला डॉक्टरने रोज पाहावं, हे १८९४ च्या इंग्रजी अमलातल्या तुरुंग कायद्यातही लिहिलेलं होतं. निदान त्याच्या मागे तरी आपण जायला नको.