डंजन्स अँड ड्रॅगन्स: कॅरेक्टर तुमचं, पण ते असतं कुणाच्या ताब्यात?

ऑगस्ट २०२४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळणाऱ्यांना एक घोषणा वाचायला मिळाली. खेळाच्या नियमांची नवी आवृत्ती येणार होती, त्यामुळे 'डी अँड डी बियाँड' या अधिकृत वेबसाइटवरच्या कॅरेक्टर शीटमध्ये जुने मंत्र आणि जादुई वस्तू काढून त्यांची नवी रूपं टाकली जाणार होती. म्हणजे खेळाडूने बोटही न लावता त्याचं कॅरेक्टर बदलणार होतं. जगभरातून विरोध झाला आणि काही दिवसांतच कंपनीने माघार घेतली.

सॉफ्टवेअर निवडताना नेमकं काय बघायचं, हे या प्रकरणातून कळतं.

सॉफ्टवेअर लागतंच कशाला?

१९७४ साली अमेरिकेत आलेला हा खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालतो. एक जण गोष्ट पुढे नेतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेऊन खेळतात. समजा, सांगवीतल्या एका फ्लॅटमध्ये पाच जण दर शनिवारी खेळतात. कुणी हिंजवडीला कामाला, कुणी चाकणला. शिफ्टमुळे अधूनमधून खाडे होतात, तरी एकच गोष्ट दोन-दोन वर्षं चालते. तेवढ्यात कॅरेक्टर लेव्हल एकवरून दहावर पोहोचतं आणि प्रत्येक लेव्हलला आकडे बदलतात. हा हिशोब सॉफ्टवेअर करतं.

पर्याय कोणते?

*डी अँड डी बियाँड:* नवख्यांसाठी सगळ्यात सोपं. फुकट खात्यात सहा कॅरेक्टर ठेवता येतात. जास्तीचे नियम विकत घ्यावे लागतात. ते ग्रुपमध्ये वाटायचे तर एकाला महिन्याला साधारण ६ डॉलरचा मास्टर प्लॅन घ्यावा लागतो. तो बंद झाला की वाटणंही बंद. हॅस्ब्रो कंपनीने २०२२ मध्ये ही सेवा सुमारे १४.६ कोटी डॉलरना विकत घेतली. सगळा डेटा त्यांच्या सर्व्हरवर राहतो.

*फाउंड्री:* एकदाच ५० डॉलर भरायचे, तेही फक्त डंजन मास्टरने. बाकीचे ब्राउझरमधून येतात. डेटा आपल्याच कॉम्प्युटरवर राहतो. पण ते बसवायला तांत्रिक गोष्टींची सवय असलेला माणूस हवा, आणि ज्याच्या लॅपटॉपवर ते चालतं त्याचं नेट गेलं की सगळ्यांचा खेळ थांबतो.

*पाथबिल्डर:* 'पाथफाइंडर' हा दुसरा खेळ खेळणाऱ्यांसाठी. बरंचसं काम फुकटात होतं, कारण पाथफाइंडरचे नियमच ऑनलाइन मोफत वाचता येतात.

*भरता येणारी पीडीएफ:* फुकट आणि ऑफलाइन. मात्र बेरीज-वजाबाकी तुमची तुम्हीच करायची.

पैसे डॉलरमध्ये भरताना एक अडचण येते. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे नव्या कार्डावर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते आधी चालू करावे लागतात.

फुकटच्या अ‍ॅपमध्ये सगळं का नसतं?

जानेवारी २०२३ मध्ये खेळाच्या लायसन्सवरून मोठा वाद पेटला. त्यानंतर कंपनीने मूलभूत नियम क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सखाली खुले केले. ते आता परत घेता येत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचे मूलभूत नियमही तसेच खुले झाले. त्यामुळे त्यावर कुणीही सॉफ्टवेअर बनवू शकतं. पण पुस्तकातलं सगळंच काही खुलं नाही. आवडता उपप्रकार अ‍ॅपमध्ये सापडला नाही, तर तो बनवणाऱ्याचा आळस असेलच असं नाही. बऱ्याचदा तिथे कायद्याची अडचण असते.

श्री-लिपीची आठवण

पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्री-लिपीत टाइप केलेली जुनी फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की काय दिसतं, हे डीटीपीवाल्यांना विचारा. मजकूर आपला, पण वाचायला त्यांचाच फॉन्ट लागायचा. कॅरेक्टरचंही तसंच होऊ शकतं.

मग निवडायचं कसं?

अख्खा ग्रुप हलवण्याआधी एकच कॅरेक्टर बनवून तीन गोष्टी तपासा.

१. ते पीडीएफमध्ये बाहेर काढता येतं का? नेट बंद करून ती फाइल उघडून बघा. नाव मराठीत लिहिलं असेल तर अक्षरांच्या जागी चौकोन तर येत नाहीत ना, तेही बघा.

२. नियम बदलले तर जुन्याच नियमांवर राहता येतं का?

३. पैसे भरणाऱ्याने उद्या ग्रुप सोडला तर बाकीच्यांकडे काय उरतं?

ग्रुप नवा असेल तर डी अँड डी बियाँडचं फुकट खातं पुरेसं आहे. खेळ वर्षानुवर्षं चालवायचा असेल आणि ग्रुपमध्ये कुणी तांत्रिक बाजू सांभाळणारं असेल, तर फाउंड्रीचे ५० डॉलर वर्गणी काढून भरणं परवडतं. काहीही निवडलंत तरी दर लेव्हलला कॅरेक्टरची एक पीडीएफ ग्रुपवर टाकून ठेवा. पुढच्या वेळी कंपनीने माघार घेतली नाही, तर तीच कामी येईल.