वाचलात? मग लिहून द्या

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतले दुचाकीवाले, दुचाकीवर मागे बसणारी बाया-माणसं आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीचे मालक, सगळ्यांना जाहीर आवाहन.

राजेहो,

गेल्या मंगळवारी संध्याकाळी आपल्या दुचाकीवाल्यांच्या गटातली दोन पोरं मेडशीहून मालेगावकडे येत होती. पुढे कुटारानं भरलेली ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर पट्टी. ती दिसली तेव्हा ब्रेक मारायला जागाच उरली नव्हती. पोरानं गाडी डावीकडे ओढली, चाक खचलेल्या साईडपट्टीवरून खाली उतरलं आणि दोघंही मुरुमावर घसरत गेले. एकाचं कोपर सोललं, दुसऱ्याच्या गुडघ्याला चार टाके पडले. रात्री आम्ही सगळे चहाच्या टपरीवर जमलो, तर चर्चा कशाची? मोबाइलच्या फुटलेल्या काचेची. नवी काच कितीला बसते, वाशिमात मिळते की अकोल्याला जावं लागते. हेल्मेट बाकाखाली पडलं होतं. मी ते उचललं. उजव्या कानाच्या वर तीन बोटं रुंदीचा पट्टा खरवडून रंगाखालचं पांढरं उघडं पडलेलं, त्यात मुरुमाचे दोन खडे रुतलेले. आतलं कापड बाजूला सारलं तर थर्माकोलला चीर, आणि चिरेजवळ अंगठा बसेल एवढा खळगा. तो खळगा त्या पोराच्या डोक्याला पडायचा होता. आणि पोरगा म्हणतो काय, "काही नाही झालं दादा, अजून दोन वर्षं चालते हे."

काही नाही झालं! हे आवाहन या तीन शब्दांच्या विरोधात आहे.

आपल्या जिल्ह्यात दुचाकी चालवणारा आणि एकदाही थोडक्यात न वाचलेला माणूस मला दाखवा. सापडणार नाही. प्रत्येकाकडे दोन-चार किस्से असतातच. रोही आडवा आला, एसटीच्या मागून अचानक गाडी निघाली, तुराटी लादलेल्या बैलगाडीचं टोक हँडलला अडकलं. आपण नारळ फोडतो, देवाला हात जोडतो, पारावर किस्सा रंगवून सांगतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यानं त्याच वेगात जातो. कुठं झालं, किती वाजता झालं, नेमकं काय चुकलं, यातलं काहीच सहसा कुणी लिहून ठेवत नाही. त्याच वळणावर पुढच्या महिन्यात दुसरा येतो. त्याला आपल्या किस्स्याची खबरही नसते. तो वाचेलच असं नाही.

सरकारचा हिशेब ऐका. राष्ट्रीय महामार्गावरच्या साधारण ५०० मीटरच्या पट्ट्याला 'अपघातप्रवण स्थळ' केव्हा म्हणतात? तिथं ३ वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमींचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं मेली, तेव्हा. म्हणजे त्या जागेला नाव मिळायला आधी पाच मोठे अपघात व्हावे लागतात, नाहीतर दहा तिरड्या उठाव्या लागतात. वाचलेल्यांची मोजणी कुठल्याच कागदावर नाही. ती मोजणी आपण करायची आहे, एका वहीत, कारण ती दुसरं कुणी करू शकत नाही. आपल्याशिवाय ती माहिती आहेच कुणाकडे?

"वहीत लिहून काय होते?" असं गेल्या बैठकीत एका शहाण्यानं विचारलं. त्याच्यासाठी एक जुनी गोष्ट. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए कंपनीचं ५१४ क्रमांकाचं विमान उतरताना डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. चौकशीत निघालं की सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीच्या वैमानिकांनी त्याच ठिकाणी हीच गफलत केली होती आणि ते थोडक्यात वाचले होते. त्यांनी ते आपल्या कंपनीला सांगितलंही, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावधही केलं. पण टीडब्ल्यूएपर्यंत ती गोष्ट पोचलीच नाही. त्यानंतर १९७६ पासून तिथं वैमानिकांनी आपली चूक, आपला थोडक्यात बचाव कळवायचा आणि तो नाव झाकून सगळ्यांना सांगायचा, अशी पद्धत सुरू झाली. विमानवाल्यांना जे जमलं ते एमएच ३७ वाल्यांना का जमू नये? आपल्याला तर एक शंभर पानी वही आणि दोरीनं बांधलेला पेन एवढंच लागतं.

समृद्धी महामार्गावर एखादी कार उलटली की बातमी पहिल्या पानावर. आमची त्याला ना नाही, तिथं मरणारीही माणसंच आहेत. पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे. आपली वाहतूक त्याच्या शेजारच्या जुन्या रस्त्यानं, कारंजा–शेलूबाजार–मालेगाव करत, नाहीतर अकोला–वाशिम–हिंगोली महामार्गानं, नाहीतर नाव ना नंबर अशा गावरस्त्यांनी. तिथं पडणाऱ्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत संपते. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर. यातल्या ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि त्या पन्नास हजारांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा मागे बसलेल्यांचा आकडा बायकांनी आणि त्यांच्या नवऱ्यांनी पुन्हा एकदा वाचावा. स्वतः चकचकीत हेल्मेट घालून बायकोला उघड्या डोक्यानं मागे बसवणारे महाभाग आपल्या गटातही आहेत. लाज वाटली पाहिजे. कायद्यातलं कलम १२९ चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट घाला म्हणते, फक्त हँडल धरणाऱ्याला नाही.

आता ट्रॉलीचा विषय. सोयाबीन निघायला आलं आहे. येत्या दीड-दोन महिन्यांत संध्याकाळी प्रत्येक रस्त्यावर ट्रॉल्या असतील, शेताकडून गावाकडे आणि गावाकडून बाजार समितीकडे. ६० च्या वेगात गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. पुढचं डोळ्याला दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरा, म्हणजे २५ मीटर गेले. पुढे कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, थांबायला आणखी पंचवीस-तीस मीटर. एकूण पन्नास-पंचावन्न. आणि डिपरच्या उजेडात धुळीनं माखलेली, बिनपट्टीची ट्रॉली दिसते किती अंतरावरून? तीस-चाळीस मीटर, तेही समोरून कुणी अप्पर मारत नसेल तर. मंगळवारी ही पोरं याच पंधरा मीटरांच्या तुटीत सापडली. हाच हिशेब ४० च्या वेगात मांडा, तीस मीटरच्या आत गाडी थांबते. घरी पोचायला दहा मिनिटं उशीर होईल. होऊ द्या.

ट्रॉलीमालकांनो, तुम्ही आमचेच भाऊबंद आहात म्हणून स्पष्ट सांगतो. मागे लाल रिफ्लेक्टर हवेत हा नियमच आहे, आम्ही कुणावर मेहेरबानी मागत नाही. गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या पोरांनी सलग तीन संध्याकाळी अकोला नाक्यावर उभं राहून पदरच्या पैशानं ट्रॉल्यांना पट्ट्या चिकटवल्या. कुणी चहा पाजला, कुणी "काहून वेळ खाता" म्हणून हाकलूनही लावलं. तरी चिकटवल्या. दुसऱ्या कुठल्या मंडळानं हे केलं असेल तर सांगा, त्यांचा सत्कार आम्ही करू. या वर्षीही उभे राहू, पण दोनशे-चारशे रुपयांच्या पट्टीसाठी लाखोंच्या ट्रॅक्टरवाल्यानं आमची वाट बघावी, हे शोभत नाही.

माझीही चूक सांगतो, नाहीतर म्हणाल दुसऱ्यांचीच उणीदुणी काढतो. दोन वर्षांपूर्वी अनसिंगहून वाशिमला येत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीचे लपके डांबरावर आणून टाकलेले. वळणावर समोर म्हैस दिसली आणि मी हँडल वळलेलं असतानाच पुढचा ब्रेक कचकन दाबला. गाडी अंगाखालून निघून गेली. मी म्हशीच्या पायांपासून हातभर अंतरावर, आणि म्हैस जागची हलली नाही! लोकांनी उचललं, पाणी पाजलं, "नशीबवान आहात गुरुजी" म्हणाले. मग मी वर्षभर पुढच्या ब्रेकला हातच लावला नाही. ती दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी. गाडी थांबवण्याचं जास्त काम पुढचाच ब्रेक करतो. हँडल सरळ ठेवून, दोन्ही ब्रेक एकदम, हळूहळू वाढवत दाबायचे आणि चिखल दिसला की वेग आधीच कमी करायचा, एवढं साधं आहे. रिकाम्या मैदानात दहा वेळा करून पाहिलं की हाताला वळण लागतं. मला हे पन्नाशीत शिकावं लागलं.

गटानं ठेवलेली वही उघडली की अशा गोष्टी निघतात. कारंज्याकडच्या एकानं लिहिलं आहे, एक रोही रस्ता ओलांडून गेला म्हणून त्यानं गाडी दामटली आणि मागून येणारा दुसरा थेट टाकीवर आदळला. रोही बरेचदा एकटा नसतो, तिथं दहा श्वास थांबा. एका ताईनं लिहिलं, ओढणीचं टोक चाकात गेलं, गळ्याला फास बसायच्या आत नवऱ्यानं गाडी बंद केली. ती आता ओढणी कमरेला गाठ मारून बसते. रिसोडच्या एका पोरानं साईड स्टँड वर न घेता गाडी काढली आणि पहिल्याच डाव्या वळणाला पडला. लिहायला लाजत होता. मी म्हटलं, लाजू नको, तुझी नोंद वाचून आणखी कुणी तरी खाली पाहील. आणि संध्याकाळ! पान उलटा की संध्याकाळ. दिवेलागणीच्या त्या तासाभरात आपण सगळे आंधळे होतो आणि घाईतही त्याच वेळी असतो.

हेल्मेटवरच्या नेहमीच्या हरकतींना फार जागा देणार नाही. गरम होते? वाशिमच्या मे महिन्यात डोक्याला तीन वेढे उपरणं बांधता तेव्हा गार वाटतं का? ऐकू येत नाही? कानात बोंड्या घालून गाणी ऐकणाऱ्यानं हे बोलू नये. गावातल्या गावात कायले? बरेचसे किस्से घरापासून चहा पिऊन परतायच्या अंतरावरचेच आहेत. रस्ते आधी नीट करा मग आम्ही हेल्मेट घालू, असं म्हणणारेही भेटतात. रस्त्यांसाठी आपण भांडूच, पण तोवर डोकं उघडं ठेवून उपोषण करायचं आहे का? जगभरच्या अभ्यासांची एकत्र छाननी झाली आहे, हेल्मेटमुळे मरण्याचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. हेल्मेट आयएसआयचं घ्या, पट्टा लावा. आणि एकदा मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोल एकदाच दबतो.

नववी-दहावीतल्या पोरांना शिकवणीसाठी गाडी देणाऱ्या आईबापांनाही एक सांगायचं राहिलं. कलम १९९अ प्रमाणे पालकाला २५ हजार दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोराच्या जिवाचं काय होऊ शकतं ते कलमात लिहिलेलं नाही.

तर आता कामाला लागा. प्रत्येक गावात एक वही. पेट्रोल पंपावर, वाचनालयात, टपरीवर, कुठंही चालेल. नाव लिहायची सक्ती नाही, पण जागा, वेळ, काय चुकलं आणि पुढं काय करणार, ही चार वाक्यं हवीत. दर महिन्याच्या शेवटी पानांचे फोटो गटाच्या तालुक्यातल्या माणसाकडे. एकाच जागेच्या तीन नोंदी झाल्या की आपण तिथं स्वतः जाऊ, फोटो काढू आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे लेखी देऊ, पोच घेऊनच परत येऊ. रस्त्याची जबाबदारी असणाऱ्यांनी ठरलेल्या मानकांप्रमाणे काम केलं नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर कलम १९८अ खाली त्यांना १ लाखापर्यंत दंड आहे, हे निवेदनात लिहायला विसरू नका. कुणी पडलेला दिसला तर व्हिडिओ काढत उभं राहू नका, १०८ ला फोन लावा. मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची सक्ती करू शकत नाहीत, कलम १३४अ त्यासाठीच आहे. २०२५ पासून अपघातातल्या जखमीला ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजनाही आहे. दवाखान्यात ती मागा, कुणी आपणहून सांगायची वाट पाहू नका.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आठ वाजता वाशिमला पुसद नाक्यावर जमायचं आहे. रिफ्लेक्टर पट्ट्यांची वर्गणी तिथंच. मागे बसणारं माणूस सोबत आणा, त्याच्या डोक्यावरही हेल्मेट पाहिजे, नसेल तर दोघांनाही परत पाठवू. आणि घरात कुणाचं पडून खरवडलेलं, चीर गेलेलं हेल्मेट माळ्यावर असेल तर तेही घेऊन या. मंगळवारचं ते हेल्मेट मी पोराकडून काढून घेतलं आहे. टेबलावर पहिलं तेच ठेवणार आहे, खड्यांसकट.

आपलाच,
गटाच्या वतीनं एक म्हातारा दुचाकीवाला