मोबाइलमधील मुक्त सॉफ्टवेअर आणि स्पर्धा कायदा : मागणीपत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

महोदय,

मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, वापरणाऱ्या आणि शिकवणाऱ्या माणसांच्या आमच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत.

अँड्रॉइडच्या प्रकरणात आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. तो योग्यच होता. पण या बाजारातल्या तक्रारींत एक घातक युक्तिवादही शिरलेला आहे, आणि त्याला आमचा ठाम विरोध आहे. मायक्रोसॉफ्ट, नोकिया, ओरॅकल ज्यात होत्या त्या फेअरसर्च गटाने एप्रिल २०१३ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. तिचा एक मुद्दा असा, की अँड्रॉइड फुकट वाटणे म्हणजे खर्चाहून कमी किंमत लावून इतरांना बाजारातून उठवणे. युरोपातील फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याच वर्षी हा मुद्दा फेटाळण्याची विनंती केली.

स्पर्धक संपवण्यासाठी खर्चाखाली विकण्यावर आपल्या स्पर्धा कायद्याच्या कलम ४ मध्येही बंदी आहे, आणि ती हवीच. असा विक्रेता शेजारची दुकाने बंद पडेपर्यंत तोटा सोसतो, मग भाव चढवून वसूल करतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही वसुली होणार कशी? अँड्रॉइडचा खुला भाग मुख्यतः अपाची परवान्याखाली आहे, त्याच्या तळाचे लिनक्स कर्नल जीपीएल परवान्याखाली; दोन्ही मुक्त परवाने. एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही. उद्या कोणी त्याचे पैसे मागू लागला, तर दुसरा तोच कोड उचलून पुढे नेईल. ॲमेझॉनने त्यावरच फायर ओएस उभी केली, स्वयंसेवकांनी लिनिएजओएस. मराठीत फुकट आणि मुक्त हे दोन वेगळे शब्द आहेत. कायद्यानेही हा फरक पाळावा.

पेच आहे तो गूगलने फोन उत्पादकांशी केलेल्या करारांत. प्ले स्टोअर हवे असेल तर सर्च आणि क्रोमसह सगळा संच फोनमध्ये घालायचा, आणि अँड्रॉइडची वेगळी आवृत्ती असलेला एकही फोन विकायचा नाही, अशा अटी उत्पादकांवर होत्या. जुलै २०१८ मध्ये युरोपीय आयोगाने गूगलला ४.३४ अब्ज युरोंचा दंड केला तो अशा बंधनांसाठी, फुकट वाटपासाठी नव्हे.

म्हणून आमची पहिली आणि मुख्य मागणी : मुक्त परवान्याखाली दिलेल्या सॉफ्टवेअरची शून्य किंमत हा स्वतःहून कायदाभंगाचा पुरावा मानू नये, आणि तसे आयोगाने मार्गदर्शक सूचनेत लिहून द्यावे. हे झाले नाही, तर उद्या गावातला एखादा विद्यार्थी फुकट देत असलेल्या ॲपवरही बडी कंपनी तक्रार ठोकेल.

दुसरी मागणी : उत्पादकांशी केलेल्या करारांतील स्पर्धेला बाधक अटी आयोगाने जाहीर कराव्यात.

तिसरी : राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी दंड कायम ठेवला, पण आयोगाच्या दहापैकी चार निर्देश रद्द केले. फोनसोबत आलेली ॲप्स काढून टाकण्याची मुभा, प्ले सर्व्हिसेसच्या एपीआय इतरांनाही मिळणे, प्ले स्टोअरवरून दुसरी ॲप स्टोअर्स मिळणे आणि बाहेरून ॲप बसवण्याची मोकळीक, हे ते चार. मुक्त सॉफ्टवेअरचा जीव नेमका त्यांतच आहे. एफ-ड्रॉइडसारखे मुक्त ॲप्सचे भांडार बाहेरून ॲप बसवता येते म्हणूनच चालते. हे चारही निर्देश पुन्हा अमलात यावेत यासाठी आयोगाने कायद्याच्या सर्व मार्गांनी प्रयत्न करावेत.

या मागण्यांवर निर्णय घेण्यापूर्वी आमच्या प्रतिनिधींना प्रत्यक्ष सुनावणी द्यावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद