खोकला टीबीचाच, हे कशावरून?

इंदूरच्या माझ्या मावशीला खोकला लागला तेव्हा ती 58 वर्षांची होती. विडी-सिगारेटला आयुष्यात कधी हात न लावलेली. काढा झाला, कफ सिरप झालं, दोन वेळा अँटिबायोटिकही झालं. मग एक्स-रे काढला, तर उजव्या फुफ्फुसात डाग. थुंकीत टीबीचे जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच असणार म्हणून गोळ्या सुरू झाल्या. चार महिने तिने त्या नेमाने घेतल्या. खोकला हटला नाही, वजन मात्र सात किलो उतरलं. शेवटी मुलाने हट्ट धरून दुसरीकडे सीटी स्कॅन आणि बायोप्सी करून घेतली. निघाला फुफ्फुसाचा कॅन्सर.

असं आपल्याकडे वारंवार घडतं. जगातल्या टीबी रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश भारतात आहेत. खोकला, बारीक ताप, वजन घटणं, थुंकीतून रक्त ही लक्षणं दोन्ही आजारांत दिसतात आणि एक्स-रेवरचा डागही फसवा असतो. डॉक्टरांना आधी टीबीची शंका येते, त्यात काही गैर नाही. पुरावा हाती नसताना महिनोन्महिने थांबणं मात्र महागात पडतं.

म्हणून खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर आधी थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत तपासतात. जंतू सापडले तर टीबीचे उपचार पूर्ण करायचेच. न सापडताच गोळ्या सुरू झाल्या असतील, तर दोन महिन्यांनी डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "डाग कमी झाला का?" तो तसाच असेल किंवा वाढला असेल, तर औषधांना दाद न देणारा टीबी असू शकतो किंवा कॅन्सर, दोन्हींसाठी पुढच्या तपासण्या हव्यातच. गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

आणखी काही खुणा लक्षात ठेवा. आवाज बसून तीन आठवड्यांनीही न सुटणं, एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं, खांद्यात सतत दुखणं, चेहरा-मान सुजणं, बोटांची टोकं फुगून नखं गोल होणं. जुना सिगारेटचा खोकला असेल, तर त्याची तऱ्हा बदलली का, हेही पाहा.

सीटी स्कॅनमध्ये गाठ दिसते, पण ती कशाची हे तिचा तुकडा तपासल्याशिवाय ठरत नाही. तो दुर्बिणीतून किंवा बाहेरून सुई घालून काढतात. "सुई लावली की कॅन्सर पसरतो" ही भीती मी किती घरांत ऐकली असेल! तसं होणं अगदी विरळा. फुफ्फुसातून हवा गळणं किंवा थोडं रक्त येणं हे खरे धोके, आणि ते सांभाळता येतात. त्यानंतर आजार किती पसरलाय हे पाहायला पेट स्कॅन, गरजेप्रमाणे मेंदूचा एमआरआय.

गाठ लहान आणि एकाच जागी असेल, तर शस्त्रक्रियेने ती काढून पूर्ण बरं होण्याची चांगली आशा असते. शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर अचूक नेम धरून दिलेलं रेडिएशनही चालतं. थोडा पसरला असेल तर केमोथेरपी आणि रेडिएशनची जोड लागते. दूरवर पसरला असेल तर मुळापासून बरा होणं अवघड, पण हल्ली इथेच सर्वांत मोठा बदल झालाय. त्याच तुकड्यावर ईजीएफआर, एएलके अशा जनुकांच्या चाचण्या करतात. भारतातल्या अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांपैकी साधारण एक चतुर्थांश जणांत ईजीएफआरमधला बदल सापडतो, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांत जास्त. त्यावर जेफिटिनिबसारखी रोज घ्यायची गोळी असते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसत्या गोळीने आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, तर सोबत केमो दिल्यावर 16 महिने. दुष्परिणाम केमोमुळे वाढले, हेही खरं. म्हणून "जनुकांची चाचणी पाठवली का?" हा प्रश्न उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारा.

कॅन्सर सिगारेट ओढणाऱ्यांनाच होतो, असं समजून आपण बायकांचा खोकला अंगावर काढू देतो. मावशीने लग्नानंतर वीस वर्षं चुलीवर स्वयंपाक केला, आणि काका घरातच सिगारेट ओढायचे. यातलं नेमकं कशाने झालं, हे कुणी सांगू शकत नाही. पण चुलीचा धूर, दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर, प्रदूषित हवा, सगळ्यांनीच धोका वाढतो. आजही सोडायची असेल तर सरकारी तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, फोन फुकट.

मावशीच्या तुकड्यात ईजीएफआरचा बदल निघाला. आता ती रोज गोळी घेते. चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात, पोट अधूनमधून बिघडतं, दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. काकांनी सिगारेट सोडली. परवा फोनवर मावशी सांगत होती, "वजन दोन किलो वाढलंय गं, जुने ब्लाउज परत बसायला लागलेत!"